नवऱ्याच्या नावाच्या चार पुड्या

आत्याबाई,

'प्रिय' लिहायला पेन टेकवलं होतं, पण हात पुढं सरकेना. छत्तीस वर्षं तुमच्याशी खोटं बोलले नाही, आता तुम्ही गेल्यावर कशाला सुरुवात करू?

सोमवारी तुम्हाला जाऊन महिना झाला. तुमच्या आवडीचं सगळं केलं. पुरण, आंबट वरण, आणि तुम्हाला लागायची तशी भरपूर खोबऱ्याची कोसंबरी, डाळीची कोशिंबीर. कावळा ताटाला लगेच शिवला. लोक म्हणाले, म्हातारीची काही इच्छा उरली नव्हती. मीही मान हलवली. तुमची नसेल उरली, माझी उरली आहे असं त्या दुपारीच मला कळायचं होतं.

विकासचं लग्न ठरलंय ते तुम्ही बघून गेलात. मुलगी बारामतीची, अश्विनी. तुम्ही शेवटच्या आजारात दोनदा सांगितलं होतं, माझी कंठी नातसुनेला द्या. म्हणून सोमवारी सगळे पांगल्यावर तुमचा पितळी डबा उघडला. कंठी सापडली. तिच्याखाली तुमच्या जुन्या चोळीच्या तुकड्यात गुंडाळलेल्या चार कागदी पुड्या सापडल्या, वाण्यानं पुड्या बांधाव्यात तशा पिवळ्या दोऱ्यानं बांधलेल्या. मला वाटलं अंगारा असेल. आत गोळ्या होत्या, पिठूळ झालेल्या. आणि प्रत्येक पुडीवर निळ्या शाईत एकच कन्नड शब्द होता. गंडनिगे.

नवऱ्यासाठी.

ते अक्षर मी लगेच ओळखलं. मंडी मोहल्ल्यातल्या त्या उंच डॉक्टरीणबाईंचं. माझ्या वाट्याच्या पुड्यांवरही त्याच हातानं काही लिहिलेलं असायचं. तेव्हा मला ती अक्षरं म्हणजे ताटातल्या जिलब्या वाटायच्या. आता मी रोजचा पेपर कन्नडमधून वाचते, आत्याबाई. तुम्ही त्या पुड्या ठेवल्यात तेव्हा हा विचार केला नव्हता का?

मी फलटणहून मैसूरला आले तेव्हा एकवीस वर्षांची होते. तुम्हाला सून महाराष्ट्रातलीच हवी होती. आपण शिपाईगड्यांची माणसं, घोड्यांबरोबर भाषा घेऊन इथं आलो, ती टाकायची नाही, असं तुम्ही पहिल्याच दिवशी मला सांगितलंत. उंबऱ्याच्या आत मराठी, हा तुमचा नियम. तुमच्या त्या मराठीत दर तिसरा शब्द कन्नड असायचा, पण तो तुमच्या कानाला लागायचाच नाही. मी नळाला पाणी आलं म्हटलं की तुम्ही हसायचात, आणि स्वतः 'स्वल्प थांब, नीर आलं नाही' म्हणायचात. मलाही हसू यायचं. खरं सांगते, सुरुवातीला तुम्ही मला आवडायचात.

उंबऱ्याबाहेरचं बोलणं मात्र तुमचं. भाजीवाली, कापडवाला, शाळा, दवाखाना, सगळीकडं तुम्ही पुढं आणि मी मागं. 'तू सुम्मने उभी राहा, उगी, मी बोलते.' मला वाटायचं, किती माया आहे. परक्या गावात सुनेला कुणी फसवू नये म्हणून ही बाई पाय झिजवते. आत्याबाई, मला या गावात एकाच माणसानं फसवलं.

तुमचे चिरंजीव तंबाखूच्या खरेदीत होते. पान बोटात धरून नुसतं चुरगळलं तरी त्यांना त्याची प्रत कळायची, असं तुम्ही पाहुण्यांना कौतुकानं सांगायचात. गणपती झाले की ते बेट्टदपुरला खोली घेऊन राहायचे. तंबाखूचे लिलाव संपेपर्यंत तिकडंच. दसऱ्याला आणि दिवाळीला दोन-दोन दिवस घरी. संक्रांतीच्या आसपास कायमचे यायचे, कपड्यांना तंबाखूचा तो गोडसर वास घेऊन. तीळगूळ वाटून होतो न होतो तोच मी आजारी पडायची. ओटीपोटात कळ, ताप, अंगावरून जाणं, जळजळ. पहिल्या वर्षी विकास झाला, दुसऱ्या वर्षी हे सुरू झालं, आणि मग प्रत्येक वर्षी. मला वाटायचं, मैसूरची थंडी मला बाधते.

पहिल्यांदा तुम्ही मला त्या डॉक्टरीणबाईंकडं नेलंत तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. त्यांनी तपासलं, हात धुतले, आणि मग माझ्याकडं बघून बोलायला लागल्या. तुमच्याकडं नाही, माझ्याकडं. पुष्कळ बोलल्या. दोन बोटं दाखवली. दाराकडं हात केला. 'गंड' हा शब्द तीनदा आला. भाजीपुरतं कन्नड मला तोवर येत होतं आणि नवऱ्याला काय म्हणतात तेही माहीत होतं. बोलून झाल्यावर त्या थांबल्या, तुमच्याकडं वळल्या, आणि तुम्ही मला सांगितलंत:

"उष्ण झालंय म्हणतात, अष्टे, एवढंच. ताक पी, गोळ्या घे, तिखट बेड, खायचं नाही."

एवढ्या लांब बोलण्याचं एवढंसं मराठी? मी वाटेत विचारलं होतं तुम्हाला. त्या यांच्याबद्दल काय म्हणत होत्या? तुम्ही न थांबता चालत राहिलात आणि म्हणालात, नवरा काय करतो, कुठं असतो, विचारत होत्या, सुम्मने, उगाच. कंपाउंडरनं खिडकीतून तुमच्या हातात पुड्या दिल्या त्या तुम्ही पिशवीत टाकल्या. घरी आल्यावर त्यातली एक मला दिलीत. मी किती पुड्या होत्या ते मोजलं नाही. सासूच्या पिशवीत कोण डोकावतं?

आता कळतंय, त्या काय सांगत होत्या. हा आजार दोघांचा आहे. दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायचं. नवऱ्याला घेऊन या. बरं होईपर्यंत जवळ येऊ नका, नाहीतर निरोध वापरा. त्याला विचार, तो कुणाकुणाकडं जातो. हे सगळं त्यांनी मला सांगितलं होतं, माझ्या डोळ्यांत बघून, आणि मी तिथं खुर्चीत बसून तुमच्या तोंडाकडं बघत राहिले.

मग मी बरी व्हायची आणि ते घरी असायचे. तरुण होतो आम्ही, एकाच खोलीत. महिन्या-दोन महिन्यांत सगळं परत सुरू. तुम्ही ताक करून द्यायचात. घुसळताना म्हणायचात, नाजूक आहे पोर, फलटणचं पाणी.

तिसऱ्या वर्षी दुसरं मूल राहीना म्हणून तुम्ही मला बेट्टदपुरच्या डोंगरावरच्या महादेवाला नवस बोलायला नेलंत. सगळं गाव सोडून तिथंच! त्यांच्या खोलीच्या शेजारी एक बाई खानावळ चालवायची. ते तिथंच जेवायचे. तिनं आम्हाला पाय धुवायला पाणी दिलं, ताक दिलं. माझ्याच वयाची होती. तांब्या उचलायला वाकली आणि सरळ होताना ओटीपोटावर हात दाबून क्षणभर तशीच उभी राहिली. अगदी मी राहायची तशी. तिनं माझ्याकडं बघितलं आणि डोळे खाली घातले. यांनी तिच्याकडं बघितलंच नाही, आणि त्या न बघण्यानंच मला काय ते सांगितलं.

तुम्हीही ते पाहिलंत. पाहिलंत ना? डोंगर चढताना मी मागं वळून त्या खोल्यांकडं बघत होते, तेव्हा तुम्ही माझा दंड धरलात आणि म्हणालात:

"मेट्टिलु मोज, सुनंदा. इकडंतिकडं बघू नको. मोजत गेलं की डोंगर संपतो."

मी पायऱ्या मोजल्या. मूर्खासारख्या मोजल्या. वर जाऊन मूल मागितलं, आणि खाली येऊन त्याच माणसाच्या शेजारी बसून जेवले.

पाचव्या वर्षी डॉक्टरीणबाई तुमच्यावर ओरडल्या. टेबलावर हात आपटला त्यांनी. तुमचा चेहरा उतरला होता. मी विचारलं, का चिडल्या? तुम्ही म्हणालात, लई घाई असते त्यांना. त्यानंतर तुम्ही मला त्यांच्याकडं नेणं बंद केलंत. त्या भांडकुदळ आहेत, असं ठरवून टाकलंत आणि ओवा-बाळंतशेपांवर मला वर्षभर काढायला लावलंत. आज चार पुड्या बघून हिशेब लागतो, चार वेळा त्यांनी सांगितलं, आणि पाचव्यांदा सांगायची संधी तुम्ही त्यांना दिलीच नाहीत.

सहाव्या वर्षी वरुणा गावातल्या लग्नाहून परत येताना मी बसमध्ये कोसळले. दिवस राहिले होते, पण गर्भ नळीत अडकला होता. नळी फुटली. मोठ्या दवाखान्यात पोट उघडलं. एक नळी काढली आणि दुसरी आतून चिकटून निकामी झालेली निघाली. हेसुद्धा तुम्हीच मला मराठीतून सांगितलंत. 'देवाची मर्जी. एक आहे ना, विकास. बस झालं.' माझ्या पोटातलं माझं मूल गेलं, आणि ते का गेलं याचं भाषांतर तुमच्याकडं 'देवाची मर्जी' होतं.

त्यानंतर मी कन्नड शिकले. प्रेमानं नाही, रागानं. विकासच्या पहिलीच्या पुस्तकातून अक्षरं गिरवली. बाजारात बोलताना चुकले, बायका हसल्या, तरी बोलले. तो चौथीत असताना शाळेत आयांची सभा होती. एक नर्सबाई आली होती, तिनं कापडावरचं चित्र भिंतीवर टांगलं आणि बाईचं शरीर समजावून सांगितलं. नवऱ्याकडून आजार कसा येतो, दोघांनी औषध नाही घेतलं तर नळ्या कशा बंद होतात. बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या. ते सगळं माझंच चाललं होतं. घरी येऊन मी भाकरी थापल्या आणि मनातल्या मनात त्या डॉक्टरीणबाईंना शिव्या घातल्या.

हो, त्यांना! चार वर्षं ही बाई मला तपासते आणि एका शब्दानं सांगत नाही? मी गल्लीतल्या चार जणींना सांगितलं, तिच्याकडं जाऊ नका, तिला काही कळत नाही. माझ्या शब्दावर दोघी-तिघी खरंच गेल्या नाहीत. त्या बाई कधीच वारल्या. त्यांची क्षमा मागायला आता कुठं जाऊ? तुम्ही त्याच गल्लीत बसून माझं ते बोलणं ऐकत होतात, वाती वळत. एकदा मान वर करून 'तसं नाही गं' म्हणाला असतात तर काय झालं असतं?

आणि मी तरी काय केलं? विकासच्या खोलीत चटई टाकली आणि तिथं झोपायला लागले. यांनी विचारलं नाही, का. मी सांगितलं नाही, का. दूध, गॅस, लाइटबिल, विकासची फी, तुमची बीपीची गोळी, एवढ्यावर आम्ही सव्वीस-सत्तावीस वर्षं संसार केला. तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात, गुणाची आहे, कधी उलटून बोलली नाही. ते ऐकून मला बरंही वाटायचं, याची आता लाज वाटते. चूक एकट्या तुमची होती असं लिहिलं तर हे पत्रही तुमच्या भाषांतरासारखंच होईल. माझ्या तोंडावर कुणी हात ठेवला नव्हता. कन्नड शिकल्यावर तर मुळीच नाही.

एक गोष्ट मात्र मध्येच आडवी येते आणि राग धड करू देत नाही. दोन वर्षांपूर्वी तुमचे पाय चेपत होते तेव्हा मामंजींची गोष्ट निघाली. पोलिसात घोड्यावर असायचे, रुबाबदार होते, तुम्ही नेहमी सांगायचात तेच. आणि मध्येच थांबून, भिंतीकडं बघत म्हणालात, "मला तर कोणी डॉक्टरकडं नेलंच नाही, सुनंदा. तीन गेली माझी." मी विचारलं, काय गेली? तुम्ही म्हणालात, बिडु, सोड ते, चेप. आणि डोळे मिटून घेतलेत.

म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं. औषध कुणाला द्यायचं, का द्यायचं. म्हणूनच तुम्ही मला निदान दवाखान्यात तरी नेलंत, आणि म्हणूनच त्या पुड्या गटारात टाकवल्या नाहीत तुमच्याच्यानं. दर वर्षी घरी आल्यावर पिशवीतून काढल्या असतील, मुलाकडं बघितलं असेल, आणि उद्या बघू म्हणून दोरा गुंडाळला असेल. तुमची कीव येते मला. पण माफी? नाही. तुम्हाला ती वाट माहीत होती, आणि तरीही मला त्याच वाटेनं चालवलंत. मग मी माफ कशी करू?

मंगळवारी सकाळी हे व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. मी चहाबरोबर चारही पुड्या त्यांच्यापुढं ठेवल्या.

"काय हे?"

"तुमच्या आईच्या डब्यात होत्या. वाचा काय लिहिलंय."

त्यांनी चष्मा वर करून एकीवरचं वाचलं, मग दुसरीवरचं. चारही वाचल्या. मी वाट बघत होते, आत्याबाई. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस काहीतरी खरं बोलेल असं वाटत होतं. आणि त्याच्या तोंडून काय निघालं?

"अम्मानं मला कधी दिल्याच नाहीत."

बघा, ज्याला वाचवायला तुम्ही माझा गळा घोटलात त्यानं पहिल्या फटक्याला तुमच्याच अंगावर ढकललं! त्या क्षणी मला तुमची बाजू घ्यावीशी वाटली. मी म्हणाले, दिल्या असत्या तर घेतल्या असत्या का? खरं सांगा. त्यांनी हातातली पुडी खाली ठेवली. चहावर साय धरली. मग म्हणाले, नसत्या घेतल्या. मला काही होत नव्हतं. मग मी कशाला घेऊ, असं म्हणालो असतो.

मग मी विचारलं. एकेक करून सगळं विचारलं, जे मला पंचविसाव्या वर्षी विचारायचं होतं. ती खानावळवाली का? हो. किती वर्षं? सहा सीझन. आणखी कुणी? मान खाली. हो, लिलावाच्या माणसांच्या संगतीनं बाजारातल्या बायकांकडं, दोन-तीनदा. निरोध? नाही. घरी आल्यावर माझ्याजवळ येताना एकदा तरी मनात आलं का, की आपण हिला काहीतरी देतोय? ते म्हणाले, तू दर वर्षी आजारी पडायचीस ते बघून भीती वाटायची, पण अम्मा म्हणायची उष्णता आहे, तेच मी खरं मानलं. तेच सोयीचं होतं.

हे शेवटचं वाक्य त्यांनी आपणहून जोडलं. तेवढ्यापुरती मी त्यांना माणसात धरते.

"आणि तिला?" मी विचारलं. "तिला कुणी औषध दिलं?"

त्यांना आधी कळलंच नाही मी कुणाबद्दल बोलते. मग म्हणाले, तिला बरं नसायचं. नंतर ती गाव सोडून गेली, कुठं ते माहीत नाही. तिच्या नावाची तर पुडीसुद्धा कुणी बांधली नव्हती, आत्याबाई. त्या डोंगराखाली आम्ही दोघी एकाच दुखण्यानं वाकलो होतो, आणि मी तिला मनात सटवी म्हणत पायऱ्या मोजत होते.

मी यांना सांगितलं, गुरुवारी आपण दोघं रक्त तपासायला जायचं. सगळ्या तपासण्या. ते म्हणाले, आता या वयात? बेड सुनंदा, लोक काय म्हणतील. मी म्हणाले, या वयात म्हणूनच. पोराचं लग्न तोंडावर आलंय आणि त्याला चार गोष्टी सांगायच्या आहेत. आधी आपण बोलायला शिकलो तर त्याला सांगू. मी ओरडले नाही, पण आवाज शेजारी गेला असणार, कारण समोरच्या गच्चीवरचे कपडे वाळत घालणारे हात थांबले होते. थांबू देत.

आज गुरुवार. सकाळी गेलो. सरकारी दवाखान्यात त्यासाठी वेगळी खोली आहे, तिथं आधी एक मुलगी बसवून घेऊन बोलते. विकासहून लहान असेल. तिनं यांना विचारलं, बायको बाहेर थांबली तर चालेल का, तुम्हाला मोकळं बोलता येईल. हे म्हणाले, असू दे ती. मग तिनं कन्नडमध्ये साधंच विचारलं, पूर्वी कधी असा त्रास झाला होता का, बाहेर कुणाशी संबंध होता का. यांचं कन्नड माझ्यापेक्षा दसपट चांगलं. लिलावात शेतकऱ्यांशी तासन्‌तास घासाघीस केलेला माणूस. ते माझ्याकडं वळले आणि मराठीत हळूच म्हणाले, "तू सांग ना हिला."

आत्याबाई, त्या खोलीत तुम्ही होतात. मला शप्पथ तसंच वाटलं. एक माणूस खुर्चीत, एक टेबलापलीकडं, आणि मधल्या खुर्चीवर मी. पोट माझं फाटलं, आणि आता त्याची गोष्टही मीच याच्या वतीनं सांगायची, थोडी धुऊन, थोडी झाकून! माझ्या जिभेवर सगळे शब्द तयार होते. सौम्य शब्दसुद्धा.

"मी नाही सांगणार," मी म्हणाले. "तुमचं आहे, तुम्ही सांगा."

ती मुलगी थांबून राहिली. तिला घाई नव्हती. आणि मग यांनी टेबलाच्या कडेकडं बघत सांगितलं. सगळं. बेट्टदपुर, खानावळ, माझं दर वर्षीचं आजारपण, वरुणाची बस, फुटलेली नळी. एका ठिकाणी ते अडले तेव्हा मी मदत केली नाही. एका ठिकाणी रडले तेव्हाही केली नाही. मी फक्त ऐकत होते. माझ्या आयुष्याची गोष्ट मी पहिल्यांदा सरळ ऐकत होते, मध्ये कोणी नव्हतं.

रक्तात दोघांच्याही काही निघालं नाही. दुपारीच कळलं. यांनी देवाला हात जोडले. मी जोडले नाहीत, माझा राग रक्ताच्या चाचणीनं उतरणारा नाही. पण घरी येताना रिक्षात ते म्हणाले, विकासला मी सांगतो, माझ्या तोंडानं. मी बरं म्हटलं. एवढंच आजचं बोलणं, पण ते दूध आणि गॅसबद्दल नव्हतं.

आता तुमच्या कंठीचं. ती अश्विनीलाच देणार, तुमचा शब्द मोडणार नाही. रविवारी ती चोळीच्या मापाला यायची आहे. कंठी गळ्यात घालायच्या आधी विकासला आणि तिला शेजारी बसवणार आहे, हेही असतील. लग्नाआधी दोघांनी तपासून घ्यायचं, हे सांगणार. कधी कुणाचं पाऊल घसरलं तर ते लपवून दुसऱ्याच्या अंगात आजार सोडायचा नाही, आधी तोंडानं सांगायचं, मग पुढं भांडा नाहीतर मोडा, हेही सांगणार. विकास कानांवर हात ठेवेल. 'अम्मा, साकु, पुरे' म्हणेल. मी गप्प बसणार नाही. तुमच्या चार पुड्यांपैकी एक त्याच्या हातात ठेवणार आणि वरचा शब्द त्यालाच मोठ्यानं वाचायला लावणार. तिला तो वाचता येत नाही ना अजून.

ती पोर आपल्याकडं येईल तेव्हा तिला कन्नडचा एक शब्द येत नसेल, मला येत नव्हता तसाच. दवाखान्यात मी तिच्याबरोबर जाईन, पण दारापर्यंत. आत ती जाईल आणि तिचा नवरा जाईल. उंबऱ्याच्या आत मराठीच, हा तुमचा नियम मी आजपासून मोडते आहे, आणि तिला पहिलं वाक्य मीच शिकवणार आहे. बाजारातलं 'एष्टु', किती, ते नाही, बेड नाही, साकु नाही. डॉक्टरसमोर बसल्यावर, मध्ये कुणीही बसलेलं असो, त्याच्याकडं न बघता म्हणायचं वाक्य:

ननगे हेळि. मला सांगा.

तुमची, कधी उलटून न बोललेली सून,
सुनंदा